गाडीतला वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज कमी करायचाय? आधी टेपचं एक बंडल घ्या

आमच्या आप्पांना दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. त्यांना दर महिन्याला पुण्याला न्यावं लागतं, म्हणून मी एक वापरलेली जर्मन सेडान घेतली. एवढी महागातली गाडी, आत शांतच असणार अशी खात्री होती. कोल्हापुरात रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत ती शांत होतीही. शिरोलीचा पूल ओलांडून महामार्गावर ८० चा वेग पकडला की मात्र आप्पा यंत्र काढून डबीत ठेवायचे. श्रवणयंत्र माणसाच्या बोलण्यासोबत घोंगावणंही वाढवतं. "गाडी भारी हाय, खरं काय ऐकू येईना," एवढंच बोलून ते पुण्यापर्यंत गप्प बसायचे.

मग नवखा माणूस जे करतो तेच मी केलं. चारही दारं उघडून आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारे चिकट थर, चिकटवून घेतल्या. दार लावल्याचा आवाज छान भरीव झाला, पण महामार्गावरची शिट्टी जशीच्या तशी राहिली. पुढे उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एका जुन्या फिटरमामांना गाडी दाखवली. ते म्हणाले, "आवाज कुठनं येतोय ते आधी बघूया की. मग पैसं घालवा." त्यांनी कागदी टेप मागवली आणि अर्ध्या तासात शिट्टी सापडली. आधीच्या मालकानं पुढची काच बदलून घेतली होती, तिच्या कडेची पट्टी उजव्या कोपऱ्यात किंचित उचललेली होती. दारांचा त्यात काहीच संबंध नव्हता. माझे पैसे चुकीच्या जागी गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून पुढचं सगळं क्रमानं लिहितोय.

आधी आवाज ओळखा

गाडीत येणारे आवाज मुख्यतः तीन प्रकारचे असतात. दाराच्या किंवा काचेच्या फटीतून हवा आत-बाहेर झाली की शिट्टी किंवा फुसफुस येते. आरसा, छतावरच्या दांड्या, रेन व्हायझर (खिडकीवरची पावसाची पट्टी) यांच्यावरून वारा फाटत गेला की घोंगावतं. टायर आणि रस्ता यांची घरघर तिसरी, ती तर पायाखालून अंगात जाणवते.

वाऱ्याचा आवाज वेगासोबत भराभर चढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि वेग दुप्पट झाला की १८ च्या आसपास. गावात अजिबात न जाणवणारी फट महामार्गावर डोकं उठवते ती यामुळे. टायरचा आवाज मात्र ४०-५० ला सुद्धा ऐकू येतो आणि रस्ता बदलला की लगेच बदलतो. गुळगुळीत डांबरावर कमी आणि उघड्या खडीवर जास्त असेल तर टायर समजा. रस्ता तोच असून ट्रकला ओलांडताना किंवा आडवा वारा आल्यावर बदलत असेल तर वारा समजा.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. दोन आवाज सारख्याच जोराचे असतील आणि त्यातला एक तुम्ही पूर्ण बंद केलात, तरी मोजमापात फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो. कानाला निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज आधी धरायचा, मग पुढचा. छोट्या आवाजापासून सुरुवात केली की खर्च होतो आणि कानाला काहीच कळत नाही.

चाचणीचा रस्ता ठरवा

एकच सरळ, सपाट पट्टा निवडा आणि प्रत्येक वेळी तिथंच जा. महामार्गावर सहापदरीकरणाची कामं चालू असतील तिथला वळवलेला, खरवडलेला रस्ता चालणार नाही. मी पहाटे सहाच्या सुमाराला जातो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या एकदा रस्त्यावर आल्या की ८० चा वेग दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही.

आपला महामार्ग साधारण दक्षिणोत्तर आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे गाडीला आडवा लागतो. त्यामुळे जाताना आणि येताना अशा दोन्ही फेऱ्या करा. एका दिशेला डावीकडून आणि परतताना उजवीकडून आवाज आला, तर गाडीच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी गळती आहे. एकाच बाजूला आला, तर तिथंच शोधायचं.

काचा वर, एसी आणि गाणी बंद, वेग ८०. शेजारी बसलेल्या माणसानं फोनवरचं आवाज मोजायचं ॲप डोक्याच्या उंचीवर धरायचं आणि अर्ध्या मिनिटाची सरासरी वहीत लिहायची. चालवणाऱ्यानं हे काम करू नये. फोनचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण फोन तोच असेल तर आधीचा आणि नंतरचा फरक विश्वासाचा असतो. खालच्या पट्टीतली घुमघुम या आकड्यात नीट दिसत नाही, म्हणून कानाला काय वाटलं तेही दोन शब्दांत लिहा.

मध्येच एकदा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून बघा. आवाज तसाच राहिला तर इंजिनाचा नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद करून हे कधीही बघू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींची मदत जाते.

टेपची चाचणी

रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणा. खोक्यांची तपकिरी टेप नको, तिचा डिंक उन्हात रंगावर बसतो. गाडी धुऊन कोरडी करा आणि बाहेरून एकेका फटीवर टेप लावा: दारांच्या चारही कडा, पुढच्या काचेच्या पट्ट्या, आरशाचा बुडखा, बॉनेट आणि हेडलाइट यांच्यामधली फट, सनरूफची कड. चालक आत बसल्यावर त्याच्या दारावरची टेप दुसऱ्यानं बाहेरून लावायची. कागदी असल्यामुळे आतून ढकललं की ती फाटते, दार अडकत नाही.

आता फेरी मारा. आवाज स्पष्ट कमी झाला तर वारा आत शिरतोय हे नक्की. मग एकेका जागेची टेप काढत फेऱ्या करा. ज्या पट्टीनंतर आवाज परत आला, तिथं तुमची फट आहे. टेप लावूनही काहीच फरक नाही, तर रेन व्हायझर आणि छतावरच्या दांड्या काढून एक फेरी बघा, मग टायरच्या भागाकडे जा आणि बिडिंगवर, म्हणजे दाराभोवतीच्या रबरावर, पैसे घालू नका.

हे कंटाळवाणं काम आहे. मला दोन पहाटा लागल्या. पण पुढचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे, तेव्हा इथं घाई नको.

दाराचं बिडिंग

फट दाराला सापडली म्हणून लगेच नवीन बिडिंग मागवू नका, महाग गाड्यांचं बिडिंगही महाग असतं. आधी दहाची नोट दार आणि चौकट यांच्यामध्ये ठेवून दार लावा आणि नोट ओढा. थोडा जोर लावून निघाली तर रबर नीट दाबलं जातंय. अलगद सुटली तर तिथं दाब नाही. दर वीतभर अंतरावर हे करत जा. मागच्या वरच्या कोपऱ्यात नोट सैल निघते असं पुष्कळदा होतं, कारण वेगात बाहेरची हवा दाराची वरची कड बाहेर ओढते आणि वर्षानुवर्षं हे होत राहिलं की तिथलं रबर बसतं.

दुसरी तपासणी टाल्कम पावडरची. रबरावर पावडर फिरवा, दार लावा, उघडा. चौकटीवर अखंड रेघ उमटली पाहिजे. जिथं रेघ तुटली तिथं फट.

रबर मळलेलं असेल तर गाडीच्या शाम्पूनं धुवा. पन्हाळ्याकडे किंवा आंबा घाटाकडे जाणं-येणं असेल तर तांबड्या मातीचा बारीक थर रबराच्या घडीत बसलेला असतो, तो बोटाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. सुकल्यावर फडक्यावर सिलिकॉन ग्रीस घेऊन पातळ हात फिरवा. इंजिन ऑईल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्यानं हे रबर फुगतं आणि आणखी बिघडतं.

तरीही नोट सैल निघत असेल तर चौकटीवरचा हूक, म्हणजे ज्यात दाराचं कुलूप अडकतं तो, अर्धा-एक मिलिमीटर आत सरकवता येतो. आधी पेन्सिलीनं मूळ जागेची खूण करा. जास्त आत घेतलात तर दार आपटावं लागेल आणि नवं रबरही लवकर बसेल. दारं आपोआप ओढून घेणारी गाडी असेल, किंवा काचेला चौकट नसलेली दारं असतील, तर हात लावू नका. त्या काचेचा कल आणि उंची जुळवणं माहितगाराचं काम आहे.

बाहेरून चिकटवलेले रेन व्हायझर असतील तर काढून फेरी मारून बघा. आपल्याकडे पावसात काच थोडी उघडी ठेवता यावी म्हणून ते बसवतात, पण ते नेमके कानाशेजारी वारा फाडतात. केस वाळवायच्या ड्रायरनं गरम करून नायलॉनच्या दोऱ्यानं खालून कापत नेलं की रंग न दुखावता निघतात. छतावरच्या आडव्या दांड्या सामान नसताना काढून ठेवा.

पुढच्या काचेच्या कडेत फट निघाली तर वरून सिलिकॉन भरून घेऊ नका. काच गाडीच्या सांगाड्याला चिकटवणारा डिंक अखंड आहे का हे आधी बघायला हवं. ती काच अपघातात गाडीची ताकद धरते. माझ्या गाडीत डिंक ठीक होता, फक्त पट्टी नवीन लागली.

टायर

महाग गाडीत मोठा फरक टायरनं पडतो, असा माझा अनुभव आहे. इंजिन शांत, काच जाड, त्यामुळे टायरचा आवाज झाकायला दुसरं काहीच उरत नाही.

आधी हवा. चालकाच्या दाराशेजारच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा थंड टायरला भरा. पंपावरचा पोरगा सवयीनं सगळ्याच गाड्यांना सारखी हवा भरतो. जास्त हवेचा टायर कडक होतो आणि प्रत्येक खडा आत कळवतो. आकडा तुम्ही सांगा आणि शेजारी उभे राहा.

मग टायरवर तळहात फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट्या. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं तर टायर पायऱ्या-पायऱ्यांनी झिजलाय. त्याची घरघर अगदी बेअरिंगसारखी येते आणि लोक विनाकारण बेअरिंग बदलून बसतात. ओळखायचं असं: रिकाम्या रस्त्यावर गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा हूं-हूं वाढली तर उजवं बेअरिंग संशयित, उलट झालं तर डावं. दोन्हीकडे सारखीच राहिली तर टायर.

टायरच्या कडेला चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं आणि आवाज करतं. वापरलेली गाडी घेतली असेल तर हे आधी बघा.

पुष्कळ जर्मन गाड्यांना रन-फ्लॅट टायर येतात. पंक्चर होऊनही काही अंतर चालावेत म्हणून त्यांच्या कडा जाड आणि ताठ असतात, त्यामुळे रस्त्याचा मार जास्त आत येतो. साधे टायर टाकले की गाडी निवळते. पण डिकीत स्टेपनीची जागा नसेल तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप सोबत हवाच. रात्री गगनबावड्याच्या रस्त्यावर अडकायची पाळी येऊ नये. माप, भार-क्षमता आणि वेगाचं अक्षर कंपनीनं सांगितलेलंच ठेवा.

आतून फोम लावलेले टायरही मिळतात, कॉन्टिनेंटल, मिशेलिन, पिरेली या कंपन्या ते बनवतात. टायरच्या आतली हवा २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास घुमते, खड्ड्यात टणत्कार येतो तो हाच. फोम तेवढीच घुमघुम खातो, रबर आणि रस्ता यांची चरचर तशीच राहते. पंक्चर काढताना तेवढ्या भागातला फोम कापावा लागतो हे पंक्चरवाल्याला आधी सांगा.

मी रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकले. त्यानंतरच्या फेरीत आप्पांनी किणी टोलनाका गेल्यावर विचारलं, "आज पाऊस कसा वाटतोय?" यंत्र कानातच होतं.

चाकावरचे आणि गाडीखालचे पडदे

चाकाच्या वर आत जो काळा प्लास्टिकचा किंवा नमद्यासारखा पडदा असतो तो फेंडर लायनर. त्याचे क्लिप दुरुस्तीत हरवतात आणि पडदा फडफडतो. गाडीखालचे सपाट प्लास्टिकचे पत्रेही एखाद्या कामात काढले की परत बसवायचे राहून जातात. गाडी लिफ्टवर घेतली की एकदा मोजून बघा. क्लिप फार महाग नसतात. मात्र चाकाच्या कमानीत फवाऱ्यानं जाड कोटिंग मारून आवाज मोठा कमी होईल ही अपेक्षा नको. ते गंजासाठी ठीक आहे.

डॅम्पिंग, शेवटी

वरचं सगळं झाल्यावरही घरघर राहिली तरच इकडे या. यात तीन वेगळी कामं आहेत आणि दुकानात तिन्हींना सरसकट डॅम्पिंगच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

पहिलं काम पत्र्याची थरथर मारायचं. त्यासाठी ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइलची शीट. पत्र्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारा. उद्यमनगरात ओतीव भाग ठोकून त्याचा नाद ऐकतात तसंच ऐका. "ठण" आला तर तिथं शीट हवी, "थप" आला तर नको. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी थरथर बरीचशी मरते. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. २ मिलिमीटरच्या शीटचं वजन चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास असतं, ते गाडी रोज वाहते.

दुसरं काम आवाज अडवायचं. त्याला वजनदार आणि सलग पडदा लागतो, जड व्हिनाइलचा. वजन दुप्पट केलं की अडवणूक सुमारे ६ डेसिबलनं वाढते, पण त्यात एक फट राहिली तर सगळी मेहनत त्या फटीतून जाते. तिसरं काम उरलेला आवाज शोषायचं, त्यासाठी न भिजणारा तंतूचा थर.

जागांचा क्रम माझ्या मते असा: मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ, मग मागच्या सीटखालचा भाग, मग पुढच्या पायाखालचा. दारं सगळ्यात शेवटी. रस्त्याचा आवाज खालून येतो, मी मात्र दारांपासून सुरुवात केली होती.

डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी राहिली की त्यांना वास येतो आणि त्या सुटून घसरतात. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, शीट रोलरनं दाबून आतली हवा काढा. कडा नुसत्या हातानं दाबलेल्या असतील तर पहिल्या उन्हाळ्यात उचलतात.

काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर या गोष्टी समोर उभं राहून बघा. सीट आणि खांबांमध्ये एअरबॅग असतात, त्यांच्या वायरचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना कोणी हात लावू नये. खांबांवरच्या आवरणात काहीही कोंबू नये, पडद्यासारखी एअरबॅग तिथूनच उघडते. काही गाड्यांत दाराच्या आत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, धडक त्याला कळते. म्हणून दारातला मूळचा प्लास्टिकचा पडदा होता तसाच, पूर्ण चिकटवून परत लागला पाहिजे. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं उघडी राहिली पाहिजेत.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी कोल्हापुरापुरतं एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुष्कळ गाड्या पाण्यात उभ्या होत्या. कार्पेटखालचा नमदा एकदा पुराचं पाणी पिऊन वाळला की दडस होतो, मग तो आवाज शोषत नाही आणि पावसाळ्यात कुबट वास देतो. त्यावर नवी शीट अंथरू नका. कार्पेटची कड उचलून खाली गाळाची रेघ आहे का बघा. असेल तर आधी नमदा बदला आणि खालची वायरिंग तपासून घ्या.

काच

दारांच्या काचांच्या कोपऱ्यावर इंग्रजीत लॅमिनेटेड किंवा अकॉस्टिक असं छापलेलं आहे का बघा. काच अर्धी खाली करून तिची वरची कड पाहिलीत तर मधला पापुद्रा दिसतो. ४ मिलिमीटरची साधी काच ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते आणि वाऱ्याची सळसळ आत सोडते, पापुद्रा ती थरथर मारतो. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला अशी काच येत असेल तर ती बसू शकते, पण खर्च मोठा आहे. साधी सनफिल्म हे काम करत नाही.

पावसाळ्याआधी आणि नंतर

मेअखेरीस आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमाराला मी तीन गोष्टी करतो. दारांच्या तळाच्या भोकांतून बारीक तार फिरवतो. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांत वाटीभर पाणी हळूहळू ओतून ते गाडीखाली पडतंय का बघतो. आणि नोट घेऊन सगळी दारं फिरतो. डिकीचा तळ उघडून हात लावून बघायचाही विसरू नका. पुष्कळ महाग गाड्यांची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या तिथंच असतात आणि नव्यानं लावलेल्या शीटखाली पाणी साचलं तर ते वरून दिसत नाही.